अंधार करायचं काम

ही हकीकत लिहायचं मी पाच वर्षं टाळत आलो. या अंकाच्या संपादकांनी मागे दोनदा विचारलं होतं, "पडद्यामागच्या गमतीजमती लिहून द्या." दोन्ही वेळा मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे दुखतात हे खरं, पण लिहायला गुडघे लागत नाहीत एवढं संपादकांनाही कळत असणार. त्यांनी ताणून धरलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

यंदा मीच फोन केला. म्हटलं, लिहितो, पण गमती कमी निघतील. एका मुलीनं एका प्रयोगात एक गोष्ट अगदी बरोबर केली होती. ती तिनं केलीच नाही, असं त्या दिवसापासून सगळे धरून चालले आहेत. ती स्वतःसुद्धा. खरं काय घडलं ते पाहणारा एकटा मी होतो, आणि मी खोटं बोललो. माणसांची नावं इथे बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

आधी माझं काम काय ते सांगतो. मी नाटकांचे दिवे चालवत असे. दिव्यांची आखणी करणारा वेगळा असतो. त्याचं नाव जाहिरातीत येतं, त्याला बक्षिसं मिळतात. त्यानं आखून दिलेलं रोज करून दाखवणारा मी. प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला एक खोली असते, तिला काच असते किंवा नुसतंच भोक असतं. त्यातून समोर रंगमंच दिसतो आणि हाताखाली बोर्ड असतो. बोर्डावर वरखाली सरकणाऱ्या पट्ट्या, एकेक पट्टी म्हणजे एकेक दिवा किंवा दिव्यांचा गट. शेजारी कागद: नायिका "मी जाते" म्हणाली की खिडकीबाहेरचा निळा चढवायचा, सासऱ्यांनी चष्मा काढला की डावीकडचा उतरवायचा. याला क्यू म्हणतात. क्यू चुकला तर सगळ्या थिएटरला कळतं. बरोबर आला तर कुणालाच कळत नाही. माझी चाळीस वर्षं अशी कुणाला न कळता गेली, आणि त्याचा मला अभिमान आहे.

एक ज्येष्ठ नट होते. त्यांच्यासाठी लावलेल्या दिव्यापासून ते रोज दोन हात डावीकडे उभे राहायचे. तिसऱ्या प्रयोगानंतर मी धीर करून बोललो, तर चहा फुंकत म्हणाले, "दिव्यानं माझ्याकडे यायचं का मी दिव्याकडे?" पुढचे सगळे प्रयोग दिवा त्यांच्याकडे गेला. कल्याणला एका महिला मंडळाच्या संमेलनात अध्यक्षबाईंचे यजमान माझ्या खोलीत येऊन बसले. म्हणाले, "हिच्या तोंडावर सावली पडता कामा नये. मला घरी जायचंय." तीन तास बसले. सावली पडली नाही. निघताना त्यांनी माझा हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

अशा कामात नजर तयार होते. नट काय बोलतोय ते आपण नंतर ऐकतो. तो कुठे उभा आहे, त्याचा हात कुठे आहे, श्वास कुठे घेतोय, ते आधी बघतो. माझी नजर चुकली असं सहसा होत नसे. मला ओळखणारे सगळे हे जाणून होते, आणि पुढे त्याचाच मी गैरफायदा घेतला.

निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. कोपरीतल्या घरात बसून एकच वर्तमानपत्र दोनदा वाचत होतो, तेव्हा सारंग आला. घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत नोकरीला, वय तिशीच्या आत. त्याचा सहा जणांचा गट होता, नाव 'ऐनवेळचे'.

"काका, आमचे दिवे चालवाल का?"

"नाटक कुठलं?"

"नाटक नाहीये."

"एकांकिका?"

"ती पण नाही. म्हणजे लिहिलेलं काहीच नसतं. लोकांकडून चिठ्ठ्या घेतो. जी निघेल तिच्यावर तिथल्या तिथे करतो. विनोदी."

"आणि क्यू?"

"तोच तर प्रॉब्लेम आहे. क्यू नाहीत. कधी संपवायचं ते तुम्हीच ठरवायचं."

"लेखकानं ठरवायचं ते मी ठरवू?"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, हो म्हणा. दिवसभर घरातले दिवे बंद करत फिरता, ते तरी थांबेल."

म्हणून मी हो म्हटलं.

पहिले दोन महिने मी नुसता घाबरलेला होतो. लिहिलेल्या नाटकात प्रवेश कुठे संपतो ते सगळ्यांना माहीत असतं. इथे तो खेळणाऱ्यांनाही माहीत नसतो. मागून बघणाऱ्यानं ओळखायचं की आता यापेक्षा वर काही जाणार नाही, आणि हशा चढता असतानाच अंधार करायचा. हशा उतरायला लागल्यावर केला तर स्टेजवरची दोघं पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी दिसतात. हळूहळू मला ते जमायला लागलं. चाळीस वर्षांत माझ्या हातामुळे कुणी हसलं नव्हतं. इथे प्रत्येक प्रवेशाचा शेवटचा हशा माझ्या बोटाखाली असे. साठी उलटून गेल्यावर मला त्याची चटक लागली, हे मी आज कबूल करतो.

या खेळाचा एकच मोठा नियम. समोरच्यानं जे दिलं ते नाकारायचं नाही. सारंग म्हणाला, "डॉक्टर, माझी म्हैस शिंकतेय," तर समोरच्यानं 'मी डॉक्टर नाही' असं म्हणायचं नाही. म्हशीसाठी रुमाल काढायचा. नाही म्हटलं की गोष्ट तिथेच मरते.

लोकही तऱ्हेतऱ्हेचे येत. डोंबिवलीला एक आजी दर वेळी पहिल्या रांगेत बसत आणि दर वेळी एकच चिठ्ठी टाकत: 'सूनबाई'. पुढे मागे काही नाही. शेजारी त्यांची सूनबाई बसलेली असे. ती 'सासूबाई' लिहून टाकत असे. दोघी खूश होऊन हातात हात घालून घरी जात. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीनं गणपतीत बोलावलं, तेव्हा सेक्रेटरी आधी येऊन बजावून गेले, "विनोद कसाही करा. फक्त पाणी, पार्किंग आणि कमिटी सोडून."

सारंग म्हणाला, "मग राहिलं काय, साहेब?"

"का? पूर्वीचे दिवस आहेत की."

गटातली सगळ्यात कमी बोलणारी मुलगी मनाली, आणि स्टेजवर सगळ्यात जास्त हसवणारीही तीच. कल्याणच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेण्याचं काम करायची, टिटवाळ्याला आईवडिलांबरोबर राहायची. म्हणायची, "दिवसभर लोकांना सुया टोचते, काका. संध्याकाळी हसवलं की फिट्टंफाट."

खुणेची कल्पना तिचीच. तालमीत ती म्हणाली, "समोरच्याला नाही म्हणायचं नाही, ठीक आहे. पण एखाद्याला खरंच सोसवेना, तर त्यानं काय करायचं?"

सारंग म्हणाला, "निभावून न्यायचं."

"नाही निभावलं तर?"

मग ठरलं. उजवा तळवा मानेमागे ठेवायचा. लोकांना वाटेल घाम पुसतोय. तो हात दिसला की मी मनात एक म्हणायचं आणि अंधार करायचा. हशा असो, नसो. का, हे नंतर कुणी कुणाला विचारायचं नाही. मनाली मला म्हणाली, "आणि हे फक्त तुम्ही बघायचं, काका. आम्ही एकमेकांच्या हाताकडे बघत बसलो तर खेळणार कधी?"

दोन वर्षांत ती खूण तीनदा झाली. एकाला ठसका लागला होता, एकाची पँट उसवली होती, आणि एकीनं का केली ते आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही. तिन्ही वेळा मी एक म्हटलं आणि अंधार केला.

प्रयोगाला सगळ्यात आधी पोहोचणारे आम्ही दोघं. मला दिवे तपासायचे असत आणि ती कामावरून थेट येई. हॉलबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घेत असू. एकदा ती चहाचा ग्लास नुसता हातात धरून उभी होती.

"काल बाबांनी मला 'ताई' म्हणून हाक मारली."

"लाडानं?"

"नाही. ताई त्यांची मोठी बहीण. ती जाऊन वीस वर्षं झाली."

तिचे वडील एका कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर दोन वर्षांत त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग रस्ते, आता माणसं. सुरुवात कशी झाली तेही तिनं सांगितलं. पंखा बंद केला असं बाबा छातीठोकपणे सांगायचे, आणि पंखा चालू असायचा. "खोटं बोलत नव्हते ते, काका. त्यांना स्वच्छ आठवायचं बंद केल्याचं."

मग म्हणाली, "ग्रुपमध्ये नका सांगू हं. कळलं की माझ्याशी सगळे जपून खेळतील. जपून खेळलं की मेलंच सगळं."

मी कुणालाही सांगितलं नाही. त्या बाबतीत माझा शब्द मी पाळला.

आता तो प्रयोग. डोंबिवली पूर्वेचा दोनशे खुर्च्यांचा हॉल, शनिवार, साडेआठची वेळ. पहिल्यांदाच सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. मनालीनं त्या दिवशी आईबाबांना आणलं होतं. मला म्हणाली, "एकदा बघू देत मला स्टेजवर. ओळखतायत तोवर." तिसऱ्या रांगेत कडेच्या दोन खुर्च्या मीच त्यांच्यासाठी धरून ठेवल्या, म्हणजे मध्येच उठावंसं वाटलं तर कुणाच्या पायांवरून जायला नको. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले, हडकुळे गृहस्थ. मी नमस्कार केला, त्यांनीही केला. "आमची मनी यात आहे," असं मला दोनदा सांगितलं.

मध्यंतरानंतर तिसरी चिठ्ठी निघाली: 'वडिलांना नवा मोबाईल शिकवणे.' खेळायची पाळी सारंग आणि मनालीची. बाकी चौघं विंगेत पुढच्या चिठ्ठ्या लावत होती. सारंगनं खांदे पाडले, डोळे बारीक केले आणि तो बाप झाला. त्याला काही माहीत नव्हतं. आणि आज मागे वळून बघतो तरी मला त्याचा दोष दिसत नाही.

रिकामा तळहात पुढे धरून तो म्हणाला, "हा उघडत नाहीये."

मनाली म्हणाली, "बाबा, इथे बोट लावा."

"कुणाचं?"

"तुमचं."

"लावलं. ओळखत नाही म्हणतोय."

"परत लावा."

"अगं, तीस वर्षं मशीनवर घासलंय हे बोट. त्याच्यावर आता काही लिहिलेलं नाही."

मोठा हशा. मनालीही त्यात छान खेळत होती. तिनं कॅमेरा सुरू करून दिला. सारंग तळहातात बघत म्हणाला, "हा कोण म्हातारा?"

"तुम्हीच आहात, बाबा."

"छे. हा आमच्या ऑफिसातला दिसतो. पैसे मागायचा." पुन्हा हशा. "आणि ही शेजारी कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"तुमची मुलगी."

"मुलगी? मला मुलगा आहे ना?"

हॉल हसत होता, आणि मनालीनं उजवा हात उचलून तळवा मानेमागे ठेवला.

मला तो दिसला. दिसला न दिसला, अंधुक दिसला, असं काही नाही. पूर्ण उजेडात, समोर, स्वच्छ दिसला. तो का ठेवला हेही त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं. बोट पट्टीवर होतं. मी मनात एक म्हटलं. हशा चढत होता. तसा हशा मी त्या गटाबरोबर कधी ऐकला नव्हता. मागच्या रांगेतला एकजण खुर्चीच्या दांड्यावर हात आपटत होता. मला वाटलं, अजून थोडा चढेल, मग कापू. दोन. तीन. चार. सारंग खाली तळहातात बघत होता, त्याला हात दिसायचं कारण नव्हतं.

अंधार होत नाही म्हटल्यावर मनालीनं हात खाली घेतला.

सारंगनं मान वर केली आणि अगदी अदबीनं म्हणाला, "तुम्ही वरच्या मजल्यावरच्या ना? पाणी आलं नाही, ते विचारायला आलात?"

मनालीनं त्याच्याकडे बघितलं. नियमाप्रमाणे नाही म्हणायचं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "पाणी नाही आलं."

लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत पांढरा शर्ट उभा राहिला. हात पुढे करून, नेहमीच्या आवाजात, ते म्हणाले, "मने, चल. घरी चल."

त्या गर्दीत, त्या क्षणी, त्यांनी तिला ओळखलं होतं.

प्रेक्षकांना वाटलं हाही आमचाच माणूस, मुद्दाम पेरलेला. टाळ्या सुरू झाल्या. आणि इथे माझ्या हातानं आणखी एक गोष्ट केली. प्रेक्षकांतून कुणी बोललं की त्याच्यावर उजेड आणायचा, ही आमची पद्धत होती. डाव्या बाजूच्या खुर्च्यांवरचे दिवे मी चढवले. विचार करून नाही. हातानं केलं. पण हात माझाच होता. ते गृहस्थ उजेडात डोळे मिचकावत उभे राहिले. दोनशे माणसं आपल्याकडे बघून टाळ्या वाजवतायत म्हटल्यावर त्यांनी सगळीकडे वळून हात जोडले. त्यांच्या बायकोनं त्यांचा शर्ट मागून धरला होता.

मग मी अंधार केला. हशाच्या हिशेबानं अगदी अचूक वेळी.

प्रयोग संपल्यावर खाली रंगपटात गेलो तेव्हा मनाली आरशाकडे पाठ करून बसली होती. आईबाबांना तिनं रिक्षात बसवून दिलं होतं. तोपर्यंत सारंगला सगळं कळलं होतं आणि त्याचा चेहरा उतरला होता.

"मला आधी सांगायचंस ना, मनू. मी त्या बाजूला गेलोच नसतो."

"म्हणूनच नाही सांगितलं. पण मी खूण केलेली."

"कधी?"

"तू मुलगा आहे म्हणालास तेव्हा. किती वेळ हात धरून उभी होते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सारंगनं विचारलं, "काका?"

मी म्हणालो, "नाही रे दिसली. समोरचा एक दिवा डोळ्यावर येत होता."

डोळ्यावर कुठलाही दिवा येत नव्हता. त्या खोलीतून दिवे दिसतच नाहीत, फक्त त्यांचा उजेड पडलेला दिसतो. पण हे त्यांच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे मला माहीत होतं.

सारंग म्हणाला, "मनू, काका चाळीस वर्षं हेच करतायत. ते इतक्या वेळाचा हात चुकवणार नाहीत. तू बहुतेक मनातच केलीस. होतं गं. टेन्शनमध्ये आपल्याला वाटतं केलं."

बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणी वाईट हेतूनं बोलत नव्हतं. मनाली स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिली. तेव्हा मी एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. मी माझी पिशवी शोधायला लागलो.

दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"काका, सॉरी हं. मी खूण नीट केली नसणार. सगळ्यांसमोर तुमच्यावर आलं."

"असू दे गं," मी म्हणालो.

चाळीस वर्षांत मी कुणाशी काय काय बोललो असेन, पण त्या 'असू दे'इतकं हलकट वाक्य माझ्या तोंडून कधी गेलं नाही.

मनाली पुन्हा आली नाही. गटाचं मात्र चांगलं झालं. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी मोबाईलवर चित्रण केलं होतं, ते भराभर पसरलं. ते 'तुम्ही वरच्या मजल्यावरच्या ना' इथून सुरू होतं. त्याआधीचं त्यात नाही. हे मला नक्की माहीत आहे, कारण खूण त्यात आलेली नाही ना, एवढं बघायला मी ते घरी दार लावून कितीतरी वेळा पाहिलं. गटाला ठाण्याच्या मोठ्या नाट्यगृहात बोलावणं आलं. घोडबंदर रोडच्या त्या सोसायटीचे सेक्रेटरी पुन्हा आले आणि हसत म्हणाले, "या वेळी ते आजोबा पण येणार ना? मस्त टायमिंग होतं त्यांचं." सारंग उठून बाहेर गेला. मीच त्यांना सांगितलं की ते आजोबा आजारी असतात. सहा महिन्यांनी मी गुडघ्यांचं कारण सांगून गट सोडला.

पुढच्या वर्षी मी टिटवाळ्याला गेलो. गणपतीच्या दर्शनाला आलो होतो, म्हटलं डोकवावं, असं दारात सांगितलं. देवळात गेलोच नव्हतो. काय बोलायचं ते घरून पाठ करून निघालो होतो.

मनालीला आनंद झाला. बाबा खिडकीपाशी बसले होते, त्यांनी मान हलवली. तिची आई पोहे करायला आत गेली. मी विचारलं, "स्टेजची आठवण येते का?"

"येते ना. पण नाही जमणार आता."

"का?"

ती बाबांकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "काका, मला अजून स्वच्छ आठवतं की मी हात मानेमागे ठेवला. तळव्याला केस लागलेले आठवतात. घाम आठवतो. आणि ठेवलाच नव्हता. बाबांच्या पंख्यासारखंच की हे."

पोरीचं वय तेव्हा अठ्ठावीस.

"मी तपासण्या करून घेतल्या. डॉक्टर म्हणाले काही नाही. पण बाबांना पण आधी काही नाहीच म्हणाले होते. आता लॅबमध्ये प्रत्येक बाटलीवरचं नाव मी तीनदा वाचते. वाचलं असं वाटलं तरी परत वाचते." मग हसली. "एका अर्थी तुमचे उपकारच आहेत. तुम्ही स्पष्ट सांगितलंत म्हणून कळलं तरी. नाहीतर मी स्वतःलाच खरं समजत राहिले असते."

पाठ केलेलं सगळं घशाशी आलं होतं. आई पोहे घेऊन बाहेर आली. लिंबू पिळू का, असं तिनं विचारलं, मी हो म्हणालो. मग चहा झाला. मग मी निघालो. ती रिक्षापर्यंत पोहोचवायला आली आणि गुडघ्यांसाठी कुठला व्यायाम करायचा ते सांगत राहिली.

यंदाच्या उन्हाळ्यात तिचे बाबा गेले. मी दहाव्याच्या आदल्या दिवशी भेटायला गेलो. घर नातेवाइकांनी भरलेलं होतं. ती मला म्हणाली, "तुम्ही आलात, बरं वाटलं." शेवटचे दोन महिने बाबांनी तिला कुठल्याच नावानं हाक मारली नाही, हेही सांगितलं. 'मनी' म्हणून मारलेली शेवटची हाक तीच आठवते म्हणाली, हॉलमधली. मग स्वतःच म्हणाली, "म्हणजे, ती तरी खरी होती ना, काका? का तीही मला वाटलेली?"

"खरी होती," मी म्हणालो. "सगळ्यांनी ऐकली."

त्याच वाक्याला जोडून दुसरं वाक्य म्हणायला किती श्वास लागला असता. पण एक आत्या जवळ येऊन बसल्या, कुणीतरी माझ्या हातात कप दिला, आणि मी पुन्हा तसाच उठलो. घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. पाच वर्षांत पहिल्यांदा. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "मला सांगून काय उपयोग?"

समोर बसलं की माझी जीभ वळत नाही, हे आता सिद्ध झालं आहे. अशा वेळी कुणी दिवे मालवून सुटका करत नाही. हा अंक तिच्या आईकडे दरवर्षी येतो, म्हणून इथे लिहितो. सारंगनंही वाचावं. त्यालाही मी हे सांगितलेलं नाही.

मनाली, सारंग "मला मुलगा आहे ना" म्हणाला आणि तू उजवा हात मानेमागे ठेवलास. मी तो पाहिला. मी चार मोजेपर्यंत तो तिथे होता. माझ्या डोळ्यावर कुठलाही दिवा येत नव्हता. लोक हसत होते, मला ते आणखी हवं होतं, म्हणून मी अंधार केला नाही, आणि नंतर तुझ्या तोंडावर खोटं बोललो. तुझ्या तळव्याला केस लागले ते खरं, घाम होता तोही खरा. तुझ्या आठवणीत तेव्हा काही चूक नव्हती. मला माफ कर, हे म्हणायला मी तुझ्या घरी दोनदा आलो आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत गेलो.